झिजलेली कॅसेट

बाबा गेल्यावर त्यांची खोली आवरायला तिने रजा काढली होती, पण रजा नावालाच. विमा कंपनीत भरपाईचे अर्ज तपासणाऱ्या विभागाची ती प्रमुख. दिवसभर लोकांना गोड शब्दांत 'नाही' म्हणायचं, हेच तिचं काम. फोन सारखा वाजत होता आणि तिच्या हातात बाबांचे शर्ट होते.

बाबा शिंपी. स्वतः दिवसभर मशीन खडखडवायचे आणि लेकीच्या गाण्याला गोंगाट म्हणायचे. कॉलेजात तिने मैत्रिणींबरोबर बँड काढला होता. तिचा आवाज असा की मैत्रिणी तिला 'तोफ'च म्हणत. सगळी गाणी थोरामोठ्यांच्या नावाने खडे फोडणारी. त्यांची एकुलती एक कॅसेट बाबांच्या दुकानामागच्या खोलीत रेकॉर्ड झाली आणि ऐन परीक्षेच्या तोंडावर नाहीशी झाली. बाबांनीच फेकली, असं तिने धरलं. त्यांनीही मूग गिळले. तिने गाणं सोडलं, नोकरी धरली आणि 'बाबा' हा शब्दच टाकून दिला. घरी यायची ती आईपुरती. त्यांच्याशी बोललीच तर भिंतीकडे बघून. राग बापाकडूनच आलेला, तो कसला उतरतोय.

पलंगाखाली टेपरेकॉर्डर निघाला. आत तीच कॅसेट, वर तिचंच अक्षर. कडेचे दोन्ही प्लॅस्टिकचे तुकडे काढलेले होते. ते काढले की कॅसेटवर दुसरं काही भरता येत नाही. काप इतका नीट होता की कात्री कुणाची, हे विचारायला नको.

तिने बटण दाबलं. कुणाच्या बापाला न भिणारी एक पोरगी खोलीभर ओरडू लागली. तिला आधी हसूच आलं. किती वर्षांत आपण असं मनापासून 'नाही' म्हटलेलं नाही, असं वाटून गेलं. मग ते गाणं आलं, 'बाबा, दार उघडा, नाहीतर मोडते.' तिथे आवाज खोल गेला, थरथरला आणि पुढच्या ओळीला पुन्हा सरळ झाला. फीत तेवढीच झिजली होती.

फोन वाजला. तिने उचलला नाही.

"परीक्षेपुरती लपवली होती त्यांनी," आई दारातून म्हणाली. "मग परत द्यायला तोंड राहिलं नाही. दुपारी दार लावून ऐकायचे. मागे नेऊन नेऊन तेवढंच."

"तेवढंच का? त्यात तर मी त्यांच्यावरच ओरडतेय."

"ओरडेनास का. बाबा म्हणतेस ना त्यात."

तिला रडू आवरेना. तिने फीत मागे नेली आणि गाण्याबरोबर तो एक शब्द म्हणायला तोंड उघडलं. तोफेतून आवाज फुटला नाही. कॅसेटमधली पोरगी मात्र म्हणत राहिली.