कोणाची सेवा बाकी आहे?

शुक्रवारी दुपारी चार वाजता मेहविशच्या मनगटाला धागा बांधायचा होता, आणि साडेतीनला ती मस्कतच्या अल् खुवैर भागात, अदीबाआपाच्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात सरबताचे पेले ट्रेमध्ये लावत होती.

'हमजोली' म्हणजे मस्कतमधल्या कॉलेजच्या मुलींचं मंडळ. भारत, पाकिस्तान, श्रीलंका, बांगलादेश, सगळीकडच्या मिळून पंधरा जणी. एकमेकींचे सण साजरे करायच्या आणि कामगारांच्या वस्त्यांत जाऊन सेवा करायच्या. नवीन मुलीनं चाळीस तास सेवा केली, की थोरल्या बहिणीनं तिला निळा धागा बांधायचा. मग ती जन्माची बहीण. रत्नागिरीहून दोन वर्षांपूर्वी आलेल्या मेहविशच्या अडखळत्या इंग्रजीला कॉलेजात सगळे हसत. जेवायला शेजारी बसवून घेतलं ते पहिल्यांदा मंडळाच्या थोरल्या बहिणीनं, अदीबाआपानंच. त्यामुळे हा धागा तिला केवढा मोठा वाटत होता, ते तिचं तिलाच ठाऊक.

"बाय, ह्यां तू लिवलंस?"

घरकामाला असलेल्या गंगुबाई कधी जवळ आल्या ते तिला कळलंच नव्हतं. त्यांच्या हातात कामगारांच्या हक्कांचं हमजोलीचं मराठी पत्रक होतं. दर शुक्रवारी रुसैलच्या कामगारवस्तीत वाटायचे गठ्ठे इथंच, पिठाच्या डब्यांवरच्या फळीवर असत.

"मीच लिहिलंय, मावशी."

"पासपोर्ट मालकानं ठेवायचा नाय, ह्यां खरां?"

"खरंय."

"मग माजा बेगमच्या कपाटात कुलपात कशाला हाय?"

मेहविशनं हातातला पेला खाली ठेवला.

गंगुबाई भराभर बोलल्या, दाराकडे बघत. लेकीचं पहिलं बाळंतपण. पहाटे दापोलीहून रत्नागिरीला नेली, रक्त थांबत नाही. इथंच ओमानात, सोहारला कामाला असलेल्या त्यांच्या भावानं, सागरनं, आज सातच्या विमानाचं तिकीट काढलंय. सकाळपासून बेगमला, अदीबाच्या अम्मीला, तीनदा विचारलं. बेगम म्हणतात, बदली बाई मिळू दे, पुढच्या आठवड्यात जा.

"तुमी पोरी परक्यांची कामां करता ना? माजां येवडां कर."

तेवढ्यात अदीबा आत आली. "काय गं नवरीबाई, सरबत शिजवतेस की काय?"

मेहविशनं हलक्या आवाजात सगळं सांगितलं. अदीबाचं हसू मावळलं.

"अम्मीशी बोलते मी. उद्या."

"आपा, विमान आज सातला आहे."

"ही घरातली गोष्ट आहे, मेहविश. रुसैलचं वेगळं." तिनं दार लोटून घेतलं. "आणि शपथ पाठ आहे ना? बहिणीची लाज ती माझी लाज. बाहेर एक शब्द नको."

चार वाजले. दिवाणखान्यात मुली गोल करून बसल्या होत्या. सोफ्यावर अदीबाची अम्मी, हाफिजाबेगम, कौतुकानं बघत होत्या. मेहविशनं हात पुढे केला. अदीबानं धागा उचलला आणि रिवाजाप्रमाणे विचारलं, "कोणाची सेवा बाकी आहे?"

याला 'नाही' म्हणायचं असतं. दरवर्षी सगळ्या जणी तेच म्हणत, पटकन, हसत. पण शपथ घेताना अल्लाह ऐकत असतो, हे मेहविशला लहानपणापासून कळत होतं. त्याच्यासमोर खोटं बोलून मिळालेली बहीण किती दिवस बहीण राहणार?

"आहे," ती म्हणाली.

"अगं, 'नाही' म्हण! घाबरली बघा ही," गोलातली मेहनाज खिदळली.

"गंगुमावशींची बाकी आहे. त्यांची लेक दवाखान्यात आहे, विमान सातला आहे, आणि पासपोर्ट ह्या घरात कुलपात आहे."

स्वयंपाकघराचं दार किंचित उघडलं.

"आमच्या घरात बसून आमचीच अब्रू काढतेस?" हाफिजाबेगम ताडकन उठल्या. "पोटच्या पोरीसारखं ठेवलंय तिला. विचार की!"

मेहविशनं हात मागे घेतला नाही. "सव्वाचार झाले, आपा."

अदीबानं धागा मुठीत चुरगळला.

"अम्मी, किल्ली."

"अदीबा!"

"मी विचारलं, तिनं सांगितलं. आता ते केल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. किल्ली द्या."

आतल्या खोलीत बराच वेळ आवाज चढत राहिले. एक कपाट धाडकन आपटलं. अदीबा बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल झाले होते. तिनं पासपोर्ट गंगुबाईंच्या हातात दिला आणि मेहविशकडे न बघता म्हणाली, "हिला विमानतळावर सोड. आणि परत इथं येऊ नकोस."

टॅक्सीत गंगुबाईंनी पासपोर्ट पदराखाली दोन्ही हातांनी धरला होता. मेहविशनं सागरला फोन लावून त्यांच्या कानाला दिला.

"गावला रे पासपोर्ट," एवढंच म्हणाल्या त्या, आणि फोन मेहविशपुढे धरला.

मेहविशनं फोन घेतला. "सागरभाऊ, आम्ही वाटेत आहोत. लेकीला कळवा, आई निघाली म्हणून."