गुळाचा पडदा

अरे, माझी सुतळी कोणी सोडता का? बांबूला गुंडाळून माळ्यावर टाकलेला मी एक जुना पडदा आहे, मित्रांनो. तळोद्याच्या एका हायस्कुलातल्या नाटकांचा पडदा. खाली वर्गात कोणी नुसता बाक सरकवला तरी मला वाटतं, आले! न्यायला आले मला! वर जायचं, खाली यायचं, वाऱ्याने फुगायचं, हाच माझा स्वभाव. स्वस्थ पडणं मला जमत नाही, आणि नशिबी नेमकं तेच आलं आहे. आता पडलोच आहे, तर निदान माझी गोष्ट तरी ऐका.

मी मुळात मांजरपाटाचा तागा. उमेदमल शेठच्या दुकानात सगळ्यात खालच्या फळीवर पडून असायचो. उमेदमल शेठ म्हणजे मारवाडातून आलेल्या जैन घराण्यातले, बाजारपेठेतले जुने कापडवाले. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी ते एक छोटी पिशवी काढत. पिशवीत पीठ आणि साखर. दुकानामागच्या लिंबाखाली मुंग्यांची बिळं होती, तिथे वाकून चिमूट चिमूट घालत फिरत. बाजारातले लोक थट्टा करत, "शेठ, मुंग्यासले जेवण वाढी ऱ्हायनात का?" शेठ मान वर न करता म्हणत, "हां. ये, तूही बस पंगतीला." मला त्या माणसाचा फार कंटाळा यायचा. एवढा सावकाश माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्यांची नात रूपकंवर मात्र माझ्यासारखी होती. पंधरा वर्षांची, बोटांना कायम रंग लागलेला, एका जागी बसली तरी पायाचा अंगठा हलतच असायचा. वरच्या वर्गात ती एकटीच मुलगी. चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा ती पास झाली होती आणि इंटरमिजिएटला बसायला तिला धुळ्याला जायचं होतं. त्याशिवाय तिला दुसरं काही सुचत नव्हतं. पण दिवाळीत शेठनी सांगून टाकलं, "यंदाचं संमेलन झालं की शाळा पुरे, बाई. चित्रं काढून कुणाचं घर चाललंय?" ती दुकानात येऊन माझ्या ताग्यावर डोकं टेकून रडली. म्हणून मला ठाऊक.

हे एकोणीसशे अडतीस सालचं. चित्रकलेचे मास्तर होते लोटन पाटील, प्रकाशाच्या शेतकरी घरातले. चित्रकला शिकवायची आणि संमेलनाचं नाटक बसवायचं, दोन्ही कामं त्यांच्याच गळ्यात. शांत असले की शाळेची मराठी बोलत, चिडले की घरची अहिराणी. शाळेला नाटकासाठी पडदा हवा होता. मास्तर दुकानात आले आणि शेठनी मला खाली ओढलं.

"कापड देतो," शेठ म्हणाले. "पण एक अट. सरस लावायचा नाही. हाडं-कातडं उकळून केलेली वस्तू माझ्या कापडाला लागणार नाही, आणि माझ्या नातीच्या हातालाही नाही."

मास्तरांनी डोकं खाजवलं. रंगात सरस नसला तर वाळलेला रंग भुकटी होऊन झडतो. पण रूपकंवर लगेच म्हणाली, "मास्तर, डिंक वापरू. डोंगरातल्या बाया धावड्याचा डिंक बाजारात आणतात." मास्तरांनी जरा शंकेनेच, पण होकाराची मान हलवली. मी तर आनंदाने घडीतल्या घडीत फुगलो. त्या फळीवरून सुटका झाली होती ना!

मला शिवून मोठं केलं, खळ लावून ओसरीत ताणलं. मास्तरांनी आधी मुलांना प्रकाशाला तापीच्या घाटावर नेलं आणि दिवसभर नुसतं बघायला लावलं. "हात नंतर चालवा, आधी डोळे चालवा," असं ते प्रत्येकाच्या मागे जाऊन सांगत. मग पंधरा दिवस माझ्यावर काम चाललं. आकाश आणि पाणी मुलांनी भरलं. घाट, देवळं, नाव आणि काठावरची माणसं रूपकंवरने काढली. काव, पिवडी, नीळ, काजळी. ब्रश टेकला की मला गुदगुल्या व्हायच्या आणि मी हलायचो. "अगं, हा पडदा थरथरतोय का?" असं कोणीतरी विचारलं तर ती म्हणायची, "त्यालाही घाई झालीय."

पण मला गुंडाळून बघितलं, तर रंगाला तडे! डिंक वाळून कडक झाला होता. मास्तर तालमीच्या गडबडीत होते. जाता जाता म्हणाले, "थोडा मध मिसळ, मऊ पडेल," आणि निघून गेले. आता जैनाच्या घरात मध कुठला? मधाला ती हात लावणार नव्हती. आणि मास्तरांना पुन्हा अडचण सांगायची तिला लाज वाटली. आधीच सरसाची अट घालून त्यांना पेचात टाकलं होतं. तिने घरी गुळाचं पाणी आटवलं, डिंकात घातलं आणि सगळ्या चित्रावर एक हात फिरवला. तिला वाटलं, मध गोड, गूळही गोड, काय फरक पडतो? कोणाला सांगितलं नाही. खरं सांगू, मला छान वाटलं. इतका मऊ झालो, इतका मऊ, की मीच स्वतःवर खूश. मला गुंडाळून चित्रकलेच्या वर्गात कोपऱ्यात जमिनीवर ठेवलं. तीन दिवस.

पहिल्या रात्रीच मला कुठेतरी खाजलं. दुसऱ्या दिवशी जास्त. मी काय करणार? ओरडता येत असतं तर शाळा डोक्यावर घेतली असती.

संमेलनाच्या दिवशी दुपारी शिपाई दोधू मला उचलायला आला. मैदानावर मांडव तयार होता, चारला नाटक सुरू व्हायचं होतं. राणीचं काम करणारा इंद्रसिंग लुगडं नेसून, तोंडाला पावडर फासून येरझाऱ्या घालत होता. मुलींनी रंगमंचावर यायचं नसे, म्हणून राणी इंद्रसिंग. सगळ्यांची सगळी वाक्यं पाठ असलेली रूपकंवर माझ्या मागे लपून ती पुरवणार होती. दोधूने सुतळी सोडली, मला उलगडलं आणि दोन पावलं मागे उडी मारली.

"अरे बापरे! हाऊ परदा शे का मुंग्यासनं गाव?"

हजारो मुंग्या होत्या, मित्रांनो. घाटावर मुंग्या, देवळावर मुंग्या, तापीचं पाणी तर काळंच झालं होतं. मास्तर धावत आले. बोट लावून चाखलं आणि त्यांचा चेहरा लाल झाला.

"यामा गूळ कोनी टाका? सांगा!"

रूपकंवर पुढे आली. "मी टाकला, मास्तर. मधाच्या जागी." मास्तरांनी कपाळावर हात मारला. तोवर कोणी झाडू आणला, कोणी राकेलचा डबा. "शिंपडा राकेल! अर्ध्या तासात साफ!"

रूपकंवर माझ्यासमोर हात पसरून उभी राहिली. "मारू नका. मी घरी जाऊन येते, तोवर कोणी हात लावू नका." मला तिचा राग आला, खोटं कशाला बोलू? माझ्या अंगभर मुंग्या, तासाभरात नाटक, आणि ही मुलगी दया दाखवते! पण दारातून धावत निघताना तिचा चेहरा मी पाहिला, आणि माझा राग तिथेच विरला. ती दादासांना, म्हणजे आजोबा उमेदमल शेठना, बोलवायला निघाली होती. मुंग्या मेल्या असत्या, तर कदाचित त्यांना कळलंही नसतं. आता मात्र तिच्याच तोंडून सगळं कळणार होतं. शाळा पुरे म्हणायला त्यांना आणखी एक कारण मिळणार होतं, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं.

उमेदमल शेठ आले ते नेहमीच्याच चालीने. हातात ती पिशवी. मुंग्या निरखत ते इतके सावकाश माझ्याभोवती फिरले की इंद्रसिंगची पावडर घामाने ओघळायला लागली. मग त्यांनी दोधूला सांगितलं, "ह्याला बाहेर मैदानात दोरीवर टांग. खालची कड जमिनीला टेकू दे." मला टांगलं. शेठ उकिडवे बसले आणि माझ्या कडेपासून कुंपणाच्या लिंबापर्यंत पीठ-साखरेची बारीक ओळ घातली. मग दुसरी. मग तिसरी.

"शेठजी, चारला नाटक आहे," मास्तर हळूच म्हणाले.

"पंगत मांडायची तर घाई चालत नाही, मास्तर. पोरांनो, फुंकर मारू नका. पाय आपटू नका. बसा."

आणि सगळे बसले! राजा, प्रधान, दोन भालदार आणि लुगड्याचा काचा खोचलेली राणी, सगळे पिठाच्या ओळी धरून. पाहुणे मांडवात येऊन बसले, चार वाजले, साडेचार वाजले. वारा सुटला. मला हलायचं होतं हो! अंगात नुसती कळ उठत होती. पण हललो तर मुंग्या पोरांच्या अंगावर पडतील आणि पोरं त्या चिरडतील, म्हणून मी ताठ उभा राहिलो. आधी एक मुंगी उतरली. मग दहा. मग काळी रांगच्या रांग लिंबाकडे चालायला लागली. "चालन्यात रे, चालन्यात!" दोधू कुजबुजला.

त्या दोन तासांत शेठना माझ्यासमोर बसण्यावाचून इलाज नव्हता. नातीचं चित्र त्यांनी आजवर कधी धड पाहिलं नव्हतं. आता मुंग्या हटत गेल्या तसं एकेक दिसायला लागलं. आधी देवळाचा कळस, मग नाव, मग घाटाच्या पायऱ्या. शेवटी अगदी खालचा कोपरा मोकळा झाला. तिथे एका झाडाखाली पगडीवाला म्हातारा वाकला होता. हातात छोटी पिशवी.

शेठ पुढे सरकले. चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. रूपकंवर मागे उभी होती.

"ही पगडी चुकली," ते म्हणाले.

"काय चुकलं, दादासा?"

"आमच्या पगडीचा पेच डावीकडून जातो. तू उजवीकडून काढलास. धुळ्याला परीक्षेत असं काढलंस तर नापास करतील तुला."

रूपकंवरला क्षणभर काही समजलंच नाही. समजलं तेव्हा ती तिथेच, मुंग्यांच्या रांगेला जपून, पिठात मटकन बसली आणि हसता हसता रडायला लागली. शेठ उठले, धोतर झटकलं आणि लोटन मास्तरांना म्हणाले, "चला आता, करा तुमचं नाटक." मास्तरांनी हात जोडले.

नाटक झालं, दोन तास उशिरा, दिवेलागणीला. मुंग्यांनी चाटल्यामुळे माझं आकाश ठिगळाठिगळांचं दिसत होतं आणि राणी तीनदा अडखळली. पण टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी रूपकंवरने चिंचोक्याच्या खळीत रंग कालवून ती पगडी नीट केली, पेच डावीकडून. पुढच्या वर्षी शेठ स्वतः तिला मोटारीतून धुळ्याला घेऊन गेले. ती पास होऊन आली, हे दोधूने मला सांगितलं. पडद्याशी बोलायची त्याला सवय होती.

मग सात-आठ संमेलनं मी गाजवली. लोक म्हणत, "तापी पाहायची तर हायस्कुलाच्या पडद्यावर." मी मिजाशीत फुगायचो. पुढे मास्तरांची बदली झाली, मखमलीचा नवा पडदा आला आणि मला इथे वर टाकलं. रंग उडाला आहे, घाट पुसट झाला आहे. ती पगडी मात्र चिंचोक्याच्या खळीमुळे अजून पक्की आहे. मला रोज वाटतं, आज कोणीतरी येईल.

तर मित्रांनो, वर्षातून एकदा मला खाली काढा. उन्हात उलगडा, झटका, चार दिवस कुठेतरी टांगा. जुन्या वस्तूला एवढं पुरतं. आणि उलगडताना माझ्यावर मुंगी दिसलीच, तर झाडू आणू नका. खालची कड जमिनीला टेकवा, चिमूटभर पीठ-साखर ठेवा आणि बसा थोडा वेळ. मला जन्मात कधी थांबता आलं नाही. त्या दोन तासांत तेवढा थांबलो, आणि त्यात एका मुलीची शाळा वाचली.

सोडता ना सुतळी?