दर्यावर्दी दादू कुठे गेला?

छंदाला घरात किंमत नसते. जुनी कॉमिक्स स्कॅन करायची, कॉम्प्युटरवर पिवळी पानं पांढरी करायची, चहाचे डाग पुसायचे, ह्याला माझी बायको आफरीन 'नसती उठाठेव' म्हणते. पण या खेपेचं काम माझ्यासाठी नव्हतं. कतारला फुटबॉलचा वर्ल्ड कप भरवायला मिळाल्यापासून तिकडे कामांना ऊत आला होता. पुढच्या शुक्रवारी मीही निघणार होतो, आणि पाच वर्षांच्या महेकने पनवेलच्या आमच्या दोन खोल्या डोक्यावर घेतल्या होत्या. "तुम्ही परत येणारच नाही, अब्बा!"

म्हणून मला 'दर्यावर्दी दादू' हवं होतं. माझे अब्बा कुवेतला गेले तेव्हा अम्मी मला रोज तेच वाचून दाखवायची. पानभर एक चित्र, खाली दोन ओळी. लांब दर्यात ठिपक्याएवढी बोट, मग वादळ, मग राक्षसी मासा, आणि अखेरीस दादू घरी, पोराला मांडीवर घेऊन भाकरी खातोय. त्या भाकरीच्या जोरावर मी वाट बघितली. अब्बा दोनदा आले, नंतर आलेच नाहीत. तरी दादूवर मी कधी रागावलो नाही.

पुस्तक माळ्यावरच्या पेटीत सापडलं. स्कॅन केलं, साफ केलं, पानांच्या आकड्यांप्रमाणे लावलं, वाचायला बसलो आणि डोकंच चक्रावलं. दादू पहिल्याच पानावर भाकरी खातोय! मग निघतो, मासा, वादळ, आणि शेवटी नुसता बोटीचा ठिपका. खाली छापलेलं, 'दादू पुन्हा कोणाला दिसला नाही.'

म्हटलं, हे पुस्तकच वेगळं. पण दादूला निळ्या पेनाने काढलेल्या मिशा माझ्याच होत्या. म्हटलं, पानं शिवताना घोळ झाला. पण ओळींचा मेळ बरोबर लागत होता. मी सरळ वाचलं, उलटं वाचलं, पार भंजाळून गेलो. मग एकदम आठवलं, अम्मीच्या हातात कायम उर्दू पेपर. उर्दू पुस्तक उजवीकडून, म्हणजे मराठी पुस्तकाच्या शेवटाकडूनच उघडतं. बाईने सवयीने मागून सुरुवात केली आणि चित्रं बघून गोष्ट रचली! मला हसू आलं आणि संतापही. माझं अख्खं बालपण एका चुकीवर टांगलेलं होतं.

लॅपटॉप घेऊन तिच्यासमोर बसलो. "अम्मी, मराठी वाचता येत नव्हतं तर तसं सांगायचं ना!"

तिने चष्मा चढवला आणि शेवटच्या पानावरची ओळ घडाघडा वाचली. "जासईच्या मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेय मी. उर्दू नंतर आलं."

"मग उलटं का वाचायचीस?"

"तू सहा वर्षांचा होतास, नावेद. सरळ वाचलं असतं तर जेवला असतास?"

आता फाईल कशी लावू? सरळ लावली तर पोरगी रडणार, उलटी लावली तर मी तिला फसवणार. आणि अम्मीने मला फसवलं होतं की सांभाळलं होतं, तेच मला ठरवता येईना.

इतक्यात महेक येऊन अम्मीच्या मांडीत बसली. अम्मीने मला विचारलंही नाही. शेवटचं पान उघडून सुरू झाली, "लांब दर्यात एक ठिपका दिसला..." तोच आवाज, तेच थांबणं. भाकरीपाशी गोष्ट संपली.

"दादी, दादू खरंच परत आला?"

मी अम्मीकडे बघत राहिलो. मी विचारायचो तेव्हा ती लगेच 'हो' म्हणायची.

"ते तुझ्या अब्बांना विचार," अम्मी म्हणाली. "या वेळी मी नाही सांगणार."