एक रुग्ण, एक ओळ

बुरुलने तिसऱ्यांदा ‘वेगळ्या नोंदी’वर टिचकी मारली, तेव्हा ती जोडी पडद्यावरून हटली.

पहिल्या दोन वेळी तिने विचारही केला नव्हता. तीन माहितीसाठ्यांमधून शोधून काढलेले निबंध ती संदर्भांच्या सॉफ्टवेअरमध्ये उतरवून घेत होती. एकच निबंध दोन-दोन ठिकाणांहून येतो. सॉफ्टवेअर अशा जोड्या समोर धरतं आणि विचारतं, एकच की वेगळ्या? या जोडीचं शीर्षक सारखं होतं, ‘मेंढपाळाच्या फुप्फुसातील गाठ: एक रुग्ण’. साल कुठल्याच नोंदीला नव्हतं, जुन्या मासिकांचं तसंच असतं. पण लेखक निराळे, गावं निराळी. एक बिश्केकचा, दुसरा ओशचा. तिने त्या वेगळ्या ठरवल्या आणि पुढे गेली. तिचे मार्गदर्शक सूयुनबेक अगाय मात्र दर दोन दिवसांनी शोधात नवा शब्द घालायला सांगत. मग सगळं पुन्हा उतरवायचं, आणि पुन्हा तीच जोडी सगळ्यांच्या वर येऊन बसायची.

तिने ग्रंथालयातल्या रिम्माला विचारलं होतं. त्याला आठवण नसते गं, रिम्मा म्हणाली, तू नव्याने आणतेस, ते नव्याने विचारतं. आणि वर म्हणाली, माझ्या नवऱ्यासारखंच.

गुरुवारी दुपारी ती जोडी चौथ्यांदा आली. खिडकीबाहेर कोळशाच्या धुराने समोरची इमारत पुसून टाकली होती. बुरुलने या वेळी टिचकी मारली नाही. दोन्ही निबंधांची छायाचित्रित पानं तिने शेजारी-शेजारी उघडली.

बिश्केकचा निबंध दोन पानी होता. आत-बाशीकडचा मेंढपाळ, वय चाळीस. कुत्र्यांकडून येणाऱ्या किड्याची गाठ, डाव्या फुप्फुसात. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी मृत्यू. खाली छातीचा एक्स-रे. डावीकडच्या दोन बरगड्या एकमेकींत मिसळून गेलेल्या, आणि गळ्याच्या हाडाजवळ ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका.

बुरुलचं बोट आपोआप पडद्यावर गेलं आणि त्या ठिपक्यावर गोल फिरलं.

लांडग्यांच्या शिकारीत बापाला सोबत्याच्या बंदुकीचा छर्रा लागला होता, तो तिथेच राहिला. हिवाळ्यात बापाच्या कुशीत पडून ती तो दाणा कातडीखाली इकडून तिकडे फिरवायची. फार ढकलू नकोस, मुकाश म्हणायचा, पलीकडून बाहेर पडेल. बरगड्या घोडीच्या लाथेच्या. तो याच शहरात, बिश्केकमध्ये मेला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. तिने प्रबंधाला हा विषय का घेतला, हे अगायना ठाऊक होतं. त्या हिवाळ्यात तेही त्याच इस्पितळात नवे डॉक्टर होते. आपला बाप तक्त्यात कधीतरी एक ओळ होऊन समोर येणार, याची तिने मनाशी तयारी करून ठेवली होती. तिने निबंध शेवटपर्यंत वाचला. डोळे कोरडे राहिले.

मग ती ओशच्या पानांकडे वळली.

मेंढपाळ, वय चव्वेचाळीस. तशाच जुळलेल्या बरगड्या. गळ्याच्या हाडाजवळ तोच दाणा. आणि त्यांच्या खाली, जुन्या शस्त्रक्रियेत कापलेली एक बरगडी. कापलेलं टोक गुळगुळीत, गोल झालं होतं. तसं व्हायला वर्षं लागतात. मेलेल्या माणसाचं हाड भरून येत नाही.

मजकूर थोडका होता. रुग्ण डोंगराकडून एकटा चालत आला. आधी दुसऱ्या शहरात शस्त्रक्रिया झाल्याचं सांगतो, कागद नाहीत. नातेवाइकांबद्दल विचारल्यावर म्हणतो, की माझ्यासाठी रडून झालं आहे. उपचार पूर्ण होण्याआधी स्वतःच्या पायांनी निघून गेला.

तिने दोन्ही पानं छापून अगायच्या टेबलावर ठेवली. अगायनी आधी चहाचा घोट घेतला.

“फोटो चोरलाय,” ते म्हणाले. “असले निबंध ढिगाने पडलेत, पोरी. एकाचा रुग्ण, दुसऱ्याची बढती. तू रडू नयेस म्हणून मी हा विषय देत नव्हतो.”

“मी रडले नाही, अगाय.” बुरुलने बोटाने बरगडीचं टोक दाखवलं. “हे कुठून चोरलं?”

अगाय वाकले. मग चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसत बसले. काच स्वच्छ झाली तरी पुसत राहिले.

“त्या हिवाळ्यात वॉर्डात वीज नसायची,” ते म्हणाले. “एका खाटेवर दोन-दोन माणसं. मेणबत्तीच्या उजेडात नावं लिहायचो.” त्यांनी चष्मा पुन्हा चढवला आणि कागद उलटे करून तिच्याकडे सरकवले. “दोन्ही नोंदी एक कर. सोमवारी प्रबंध जायचाय. एक रुग्ण, एक ओळ, आणि ओळीच्या टोकाला एकच शेवट. जगला किंवा मेला.”

“कोणता लिहू?”

“आधीचा, बिश्केकचा.”

खोलीत परतल्यावर तिने आईला फोन लावला. पलीकडून आधी चरचर ऐकू आली, मग आवाज. गुरुवार होता. दर गुरुवारी आपा, आईला ती आपाच म्हणे, मेंढीच्या चरबीत कणकेचे तुकडे तळायची. त्याचा वास गेलेल्यांपर्यंत पोचतो. एकेक घाणा सोडताना ती एकेक नाव घ्यायची. सासू, सासरे, स्वतःचे आईबाप, बुरुलच्या आधी गेलेलं बाळ. मुकाशचं नाव ती घेत नसे. बुरुलने लहानपणी एकदा का म्हणून विचारलं, तेव्हा आपाने पीठ आण म्हणून सांगितलं होतं. बापावरचा राग असेल, अशी बुरुलने स्वतःची समजूत घातली होती.

“आपा, बाबांना आणलं, तेव्हा तू त्यांचा चेहरा पाहिलास?”

चरचर चालू राहिली.

“उघडू नका म्हणाले होते. रोग होता ना. शहरातच धुऊन, गुंडाळून दिलं होतं.” झारा कढईवर आपटल्याचा आवाज आला. “पाय पाहिले. ट्रकमधून उतरवताना लोकरीचा नमदा सरकला.”

“मग?”

“जन्मभर घोड्यावर बसलेल्या माणसाचे पाय नव्हते ते. सरळ होते.”

बुरुल खुर्चीच्या कडेवर आली. “आणि तू बोलली नाहीस.”

“कुणाला सांगणार? तुझे काका जाळ करून गोठलेली जमीन उकरत होते. मयताच्या जेवणासाठी घोडा कापून झाला होता. खिंड बंद. आणि तो कुणाचा तरी होताच की, शिंगरा. त्यालाही कुणी रडायला हवंच होतं. बर्फात परत पाठवू त्याला?”

मग आपा अशा सुरात सांगत गेली, जणू शेजारच्या गावची हकिगत. मयताला वर्ष झालं त्या जेवणाला सगळं गाव अंगणात बसलं होतं. नदीपलीकडे एक घोडेस्वार येऊन थांबला. उतरला नाही. लांबून चेहरा दिसत नव्हता. आपली दोन्ही कुत्री, जी मुल्लालाही आत येऊ देत नसत, काठापर्यंत धावत गेली आणि तिथे उभी राहून शेपट्या हलवू लागली. भुंकली नाहीत. आपा चहा ओतत होती. ती ओततच राहिली. मान वर केली, तेव्हा पलीकडे कुणी नव्हतं.

“हाक मारायची होतीस.”

“त्याने तरी कुठे मारली? सगळी त्याच्याच नावाने जेवत होती.”

पडद्यावर जोडी उत्तराची वाट पाहत थांबली होती.

“इतक्या वर्षांनी आजच कसं सुचलं तुला?” आपाने विचारलं. मग तिचा आवाज खाली आला. “शेवटच्या घाण्यापाशी मी दर वेळी अडते. नाव घेतलं आणि तो कुठे जिवंत असला, तर मीच त्याला मारलं. नाही घेतलं, आणि गेला असला, तर इतकी वर्षं उपाशी ठेवलं. तू तिथे त्या कागदांत असतेस. मला सांग. घेऊ का नाव?”

बुरुलने ओशच्या पानाची शेवटची ओळ पुन्हा वाचली. स्वतःच्या पायांनी निघून गेला.

“जरा थांब, आपा. फोन ठेवू नकोस.”

अगायनी शोध जुन्या मासिकांपुरता ठेवायला सांगितलं होतं. नवं काही लागायचं नाही, उगाच गर्दी होते. बुरुलने ‘फक्त जुनी मासिकं’ ही खूण काढून टाकली. शोध पुन्हा चालवला, फाइल उतरवून घेतली आणि सॉफ्टवेअरमध्ये ओढली. हिरवी पट्टी सावकाश भरत गेली. फोनमधून तेलाचा आवाज येत होता. नवा घाणा पडला नव्हता, तेल नुसतंच तापत होतं.

पट्टी भरली. विचारणेची चौकट उघडली.

या वेळी जोडी नव्हती. एकाखाली एक तीन नोंदी होत्या, तिन्हींचं शीर्षक तेच. तिसरी नारीनची होती, आपाच्या घरापासून एकाच खिंडीवरची. तिला साल होतं. गेल्या वर्षीचं.

बुरुलने माऊसवरचा हात उचलून मांडीवर ठेवला.

“आपा,” ती म्हणाली, “कढई खाली उतरव.”