डावीकडे वाढलेला पियानो

पहिला वन्स मोअर संपवून शार्दूल टिपणीसने मान वर केली, तेव्हा पियानो डावीकडे हातभर वाढला होता.

आता पियानो ही काही दुधी भोपळ्यासारखी वाढणारी वस्तू नव्हे, हे शार्दूललाही ठाऊक होतं. पण वाढला होता खरा. खर्जाच्या पट्ट्या जिथे संपायच्या तिथून पुढे आणखी पट्ट्या फुटल्या होत्या. त्यांना नव्या म्हणावं तर त्याही पिवळट, कोणाच्या तरी बोटांनी झिजलेल्या.

"हा वाढला का हो?" त्याने विचारलं.

"लाकूड आहे. फुगतं इथल्या हवेत," कर्नल पेंढारकर म्हणाले. "तू थांबू नकोस बाळा, लय जाते."

खंडाळ्याच्या त्या जिमखान्यात दर रविवारी दुपारच्या चहाला म्हातारी मंडळी जमत आणि एकाच गोष्टीसाठी हळहळत. पूर्वी हॉटेलांतून, नाचाच्या हॉलांतून पियानो जसा वाजायचा, तसा आता कोणी वाजवत नाही. डावा हात खाली खर्जात ठोका देणार, टुणकन उडी मारून मधल्या सुरांवर थाप देणार, परत खाली, परत वर. धम-चिक, धम-चिक. सगळं ओझं डाव्याने वाहायचं, उजव्याने वर लग्नातल्या मामासारखं नुसतं मिरवायचं. या प्रकाराचा बादशहा होता मिनेझिस. तो याच हॉलमध्ये, याच पियानोवर वाजवायचा. तो गेला तेव्हा शार्दूल जन्मलाही नव्हता, पण जुन्या तबकड्या ऐकून ऐकून त्याने ती उडी बसवली होती. न पाहिलेल्या त्या काळासाठी त्याचा जीव तुटायचा. त्याची बायको गार्गी म्हणायची, "लोक सवत आणतात ती निदान जिवंत तरी असते."

जिमखान्याचा नियम एकच होता, संगीत नाटकांच्या जमान्यापासून चालत आलेला: वन्स मोअर आला की नाकारायचा नाही. शार्दूलने तो आल्या आल्या हसत कबूल केला होता. वन्स मोअरला नाही म्हणणारा कलाकार अजून जन्मायचाय, असंही वर म्हणाला होता.

"वन्स मोअर!" मेहरू खंबाटा ओरडल्या. "अरे दिकरा, डिट्टो मिनेझिस!"

दुसऱ्या खेपेला पियानो भिंतीला टेकला. तिसऱ्या खेपेला भिंतीत शिरला.

कर्नल काठी टेकत पलीकडच्या पत्त्यांच्या खोलीत जाऊन बघून आले. "तिकडे काही नाही," ते खुर्चीत बसत म्हणाले. "भिंत कोरी आहे. कॅलेंडर आहे फक्त."

म्हणजे पियानो भिंतीत जात होता आणि बाहेर कुठेच निघत नव्हता. खर्जाचा ठोका मात्र तिकडेच होता, त्यामुळे डाव्या हाताला तिकडे जाणं भाग होतं. तो जात होता. उडी लांबली तसा हातही लांबला. शर्टाची बाही त्याच्यासोबत लांबत गेली, ही त्यातल्या त्यात सोय.

पुढच्या खेपेला हाताची वाढ संपली आणि बाक आपण होऊन भिंतीकडे सरकला. शार्दूलचा गाल चुन्याला टेकला. उजवा हात मागे उरलेल्या पट्ट्यांवर मजेत होता.

गार्गी पहिल्या रांगेतून उठून आली. "तुझा हात कुठंय?"

"आत."

"आत म्हणजे?"

"तिकडे उकडतंय. सिगारेटचा धूर लागतोय बोटांना. माणसं आहेत खूप." त्याने डोळे वळवून तिच्याकडे पाहिलं. "गार्गी, वन्स मोअर आला की हा वाढतो, आणि वाढला की मी आत जातो. हात जाऊन झालाय. आता खांदा, मग मान."

"मग उठ ना!"

"मध्येच कसं उठायचं? नियम आहे."

"नियम गेला खड्ड्यात." मग तिने डोकं चालवलं. "भिकार वाजव. भिकार वाजवलंस तर कोण म्हणेल वन्स मोअर? माझ्या मावसभावाच्या लग्नात वाजवलंस तसं वाजव."

शार्दूलने जीव तोडून भिकार वाजवलं. ठोका एका सुरात, थाप दुसऱ्याच सुरात, एक अख्खी ओळ गाळली, शेवट दोनदा केला. वाजवून झाल्यावर हॉलमध्ये एवढी शांतता पसरली की बशीत कोणाची तरी खारी मोडल्याचं ऐकू आलं. गार्गीने सुटकेचा निःश्वास टाकला.

मेहरूबाईंच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "पिऊन यायचा तेव्हा," त्या म्हणाल्या, "अस्साच चुकायचा."

"हुबेहूब," कर्नलनी नाक शिंकरलं. "ती गाळलेली ओळसुद्धा तीच."

"वन्स मोअर!" अख्खा हॉल म्हणाला.

शार्दूलचा खांदा भिंतीत गेला. आत, अंधारात, त्याच्या डाव्या हाताच्या बोटांवर दुसरी बोटं येऊन बसली. ऊबदार होती, घाईत नव्हती. त्यांनी त्याची करंगळी उचलून योग्य पट्टीवर ठेवली, चुकणाऱ्या मुलाची ठेवतात तशी.

"गार्गी," तो म्हणाला, "मला शिकवतायत."

"कोण?"

"मला नाही शिकायचं. ओढ मला."

गार्गीने त्याच्या कमरेला विळखा घातला, एक पाय भिंतीला लावला आणि ओढलं. खांदा सुटला. मग दंड आला, मग बाही. आकाशी बाही वारभर आली, आणखी वारभर आली, आणि गार्गी आडातून पोहरा ओढावा तशी ती हातांखालून हात घालत ओढत राहिली. तिच्या पायांशी वेटोळी पडू लागली. मंडळींनी समंजसपणे खुर्च्या मागे घेऊन जागा करून दिली. उजवा हात तेवढा वर वाजवतच होता.

"आलं, आलं," गार्गी धापा टाकत म्हणाली. "मनगट दिसतंय!"

मनगट आलं. मग पंजा आला. शार्दूलचाच होता, नखाजवळचा तीळसुद्धा जागेवर होता. त्याची बोटं दुसऱ्या एका हाताच्या बोटांत गुंतलेली होती. त्या हाताचा कफ पांढरा, कडक इस्त्रीचा होता.

"सोड त्याला!" गार्गी किंचाळली.

"मी धरलेलंच नाही," शार्दूल म्हणाला.

मागे एकामागून एक खुर्च्या वाजल्या. सगळी मंडळी उठून उभी राहिली होती, मेहरूबाईसुद्धा, गुडघे दुखत असून.

कफाच्या मागे काळी बाही आली. वारभर आली, आणखी वारभर आली, आणि आकाशी वेटोळ्यांवर काळी वेटोळी पडू लागली.

गार्गीने ओढणं केव्हाच थांबवलं होतं.