परक्या हातांनी जोडलेला पंखा

मी एक जुना टेबलफॅन आहे. विकायला मी कधी गेलोच नाही. परक्या हातांकडून पुन्हा पुन्हा जोडलं जाणं, हेच माझं काम होतं.

मित्रांनो, पंख्याच्या खोक्यात एक पातळ माहितीपुस्तिका असते. तुम्ही ती न वाचताच फेकता, ठाऊक आहे मला. आमच्या कारखान्यात ती एक बाई लिहीत असे. कामगार तिला चेष्टेने ‘पुस्तिकाताई’ म्हणत. तिच्या जिवाला एकच घोर होता: आपल्या वाक्यावर विश्वास ठेवून कुणाचा हात कापला गेला तर?

म्हणून दरवर्षी ती मला सुटं करून पिशवीत भरी आणि पुस्तिका लिहिणाऱ्यांच्या संमेलनाला नेई. तिथे भाषणं होत, पण माझा जीव रमे तो दुपारच्या परीक्षेत. रीत अशी, की दुसऱ्या धंद्यातल्या लेखकाने नुसती पुस्तिका वाचून यंत्र जोडायचं आणि जिने ती लिहिली तिने तोंडाला कुलूप लावून बघत बसायचं. एकदा पाण्याच्या पंपांवर लिहिणारे एक काका माझ्या पात्यांवरचा नट फिरवत बसले. “अहो, हा घट्ट व्हायचा सोडून ढिलाच होतोय!” ते वैतागले. माझे आटे उलटे आहेत. कारखान्यात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक, म्हणून ताईने लिहिलंच नव्हतं. बिचारी ओठ चावत बसली. शेवटी काका हसून म्हणाले, “ताई, जे तुम्हाला फार चांगलं येतं ना, तेच लिहायचं राहून जातं बघा.” परतताना ती वाटभर खुशीत होती. चूक छापायच्या आधी सापडली होती ना!

मग नवे साहेब आले.

“संमेलनाला कशाला जायचं? चहा प्यायला?” ते म्हणाले. “सगळं घरबसल्या स्क्रीनवर दिसतं की.”

“साहेब, तिथे परकी माणसं भेटतात.”

“आपल्याकडे काय माणसांचा दुष्काळ आहे? आपल्याच लोकांना दाखवा.”

तिने दाखवलं. आमच्याकडे पाती डुगडुगतात का ते बघायला पंखा आधी चालवतात आणि पुढची जाळी मग लावतात. नव्या पंख्याच्या पुस्तिकेत ताईने तोच क्रम लिहिला. सुपरवायझरने वाचला, इंजिनियरने वाचला. “एकदम बरोबर,” दोघंही म्हणाले. पंपवाले काका असते तर त्यांनी तिथेच विचारलं असतं, “जाळीशिवाय बटण दाबू? माझी बोटं जड झालीत का तुम्हाला?”

विचारायला कुणी नव्हतं. शिवणकाम करणाऱ्या एका बाईने पुस्तिका ओळीने वाचली आणि सांगितलं तसंच केलं. पंखा थरथरला म्हणून तो धरायला गेली. उजव्या हाताची दोन बोटं कायमची निकामी झाली.

तिचा भाऊ पुस्तिका घेऊन कारखान्यात आला. ओरडलासुद्धा नाही. “माझी बहीण शिकलेली आहे हो. सगळं वाचूनच केलं तिने,” एवढंच म्हणाला. ताईला मान वर करवेना.

साहेबांनी क्रम बदलून घेतला. ताईने पुन्हा संमेलनाचं नाव काढलं, तर म्हणाले, “आता सुधारलं ना? मग झालं.”

मी हल्ली गोदामात धूळ खातो. परवा ताई आली. दार लावून घेऊन तिने मला सुटं केलं आणि आपल्याला काहीच येत नाही असं समजून स्वतःचीच पुस्तिका वाचू लागली. पहिलं पान संपायच्या आत तिच्या हातांनी मला निम्मं जोडून टाकलं होतं. तिने मला पुन्हा खोललं. पुन्हा तेच. मग ती तिथेच बसून रडली. मला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं. स्वतःला परकं होता येत नाही, कितीही जीव तोडला तरी.

मित्रांनो, माझं काही मागणं नाही. मी आज ना उद्या मोडीत जाईन. पण लिहिणाऱ्या माणसाला वर्षातून एकदा तरी परक्यांपुढे बसू द्या हो. आमच्याकडे नव्या मिक्सरची पुस्तिका उद्या छापायला जाणार आहे. आमच्याच माणसांनी ती वाचली आहे, आणि सगळे म्हणताहेत, एकदम बरोबर आहे.