कतल्याच्या तोंडाचा मासा

चुलीवर हात ठेवून सांगते, याच्यातला एकेक शब्द खरा हाये! एक जरी खोटा निंगाला ना, तं माही कवळी या भाताच्या गंजात पडो अन् तुमाले तोच भात खा लागो! आता गप बसा अन् आयका.

आरमोरीचा मुखरू ढिवर. मासे पारखावे तं त्यानंच. नुसता तलावाच्या पाळीवर उभा राह्यला तरी खालचे मासे लाईनीत उभे राहून रामराम करत. हसता काऊन? मी डोळ्यानं पाह्यलं.

त्याची पोरगी करिश्मा मोहर्लीले दिली. जवाई प्रणित वाघ पाहाले येनाऱ्या लोकायची जिप्सी चालवते. त्यानं समोरच्या खोलीत काचेची मोठी टाकी बसवली. तलावाची नाई, समुद्राची! नागपूरहून मीठ आनून पानी खारं केलं, वर निळा लाईट लावला. आत दगडं, दगडायवर फुलावानी हलनारे जिवंत प्रवाळ, अन् बोटाएवढे दोन नारंगी मासे, पांढऱ्या पट्ट्याचे. टाकी जवायाची, पन जीव लावे करिश्मा. तिनं पान्यात बोट टाकलं का दोघंही येऊन बोटाले चिकटत.

मुखरू वाळल्या झिंग्याची पुरचुंडी घेऊन पोरीकडे पाहुना गेला. जवाई म्हने, "मामाजी, टाकी सुनी सुनी वाटते. आनखी एक मासा आनाव म्हनतो. तुमी संग चाला. तुमच्यासारखा पारखी कोन हाये?"

मुखरूची छाती अशी फुगली का सदऱ्याची गुंडी तुटून भिताडाले लागली.

गेले नागपूरले. प्रणितले कोन्या गिऱ्हाइकाचा फोन आला, तो दुकानाच्या बाहीरच राह्यला. मुखरू आत. तिथी एका टाकीत एकटाच एक मासा होता, लाल-पांढऱ्या पट्ट्याचा, मोरानं पिसारा उघडावा तसे पंख पसरून संथ तरंगे. लायन म्हनते त्याले. मुखरूचा जीव त्याच्यावरच बसला.

दुकानवाला म्हने, "काका, घरी दुसरे मासे हायेत का? हा लहान्यायसंग जमत नाई. तोंडात मावलं ते गिळते. अन् काट्यात जहर असते, हात नोका लावू."

"तू मले मासे शिकवते?" मुखरू हसला. "तोंड पाह्य त्याचं. वरतं वळलेलं. ज्याचं तोंड वरतं, त्याचं खानं पान्याच्या वरवर. आमचा कतला असाच. तलावात कतला वर, रोहू मधी, मिरगल खाली. तिघं सुखानं नांदते. कतल्यानं कोनाचं पिल्लू खाल्लेलं आयकलं का कधी?"

"काका, कतला गोड्या पान्याचा..."

"मासा मासाच असते बापा. पान्यात मीठ टाकल्यानं सोभाव बदलते का?"

मासा घेतला. घरी आल्यावर करिश्मानं इचारलं, "बाबा, हा माह्या दोघायसंग राहीन नं? दुकानवाला काही बोलला का?"

"काही नाई," मुखरू म्हने. "मी पाहून आनला नं."

सकाळी टाकीत नारंगी मासे नाई.

करिश्माची सासू नीलाबाई कमरेवर हात ठेवून उभी. "झाकन उघडं ठेवलं असन हिनं. उडाले असतीन बाहीर. जरा लक्ष मोबाईलवर कमी अन् टाकीवर जास्त ठेवलं असतं तं!"

प्रणितही बिघडला. "कितीदा सांगतलं तुले झाकनाचं?"

"लावलं होतं," करिश्मा म्हने. मंग हळूच म्हने, "लावलं होतं वाटते."

मुखरूनं टाकीकडे पाह्यलं. कोपऱ्यात लायन निवांत लटकला होता, पोट टम्म. उभा जलम मासे चिरन्यात गेला त्याचा, भरलं पोट त्याले कोनी सांगाव लागते का? अन् तोंडातून निंगालं काय?

"मांजर आली असन."

"मांजर?" नीलाबाई म्हने. "व्याहीबुवा, आमच्या मोहर्लीत बिबट्यानं मांजर ठेवली कुठी?"

पोरगी बॅटरी घेऊन दिवानाखाली वाकली. मंग मुखरूही वाकला. जे मासे तिथी नाई हे मालूम होतं, तेच धुळीत हात फिरवून शोधून राह्यला. करिश्मा म्हने, "बाबा, तुमी नोका वाकू, कंबर धरन. चूक माहीच हाये."

त्याले वाटलं, या दिवानाखालीच राहावं, बाहीर निंगूच नाई.

दुपारी ताटं वाढले. करिश्मा काही जेवाले आली नाई. नीलाबाई भात वाढता वाढता म्हने, "एक झाकन सांभाळाले जमत नाई, अन् माहेरी म्हने मासेवाल्याची पोरगी!"

मुखरूनं ताट सरकवलं. घास शिवला नाई.

"नीलाबाई, झाकन लागलेलं होतं. मासे त्या लायनच्या पोटात हायेत. दुकानवाल्यानं मले सांगतलं होतं, मी त्यालेच शिकवून आलो. करिश्मानं इचारलं तवा लपवलं. अन् सकाळपासून त्याचं पोट पाहून राह्यलो, अन् मांजर सांगून राह्यलो."

प्रणितची मान खाली. करिश्मा दारात येऊन उभी होती, तिनं सारं आयकलं.

"बाबा," ती म्हने, "मंग दिवानाखाली हात काऊन घातला?"

मुखरू उठला अन् बकेट घेऊन आला.

प्रणित लायनले रागानं जाळीत धरू लागला, तं तिनंच थांबवलं. "हळू धरा. त्यानं त्याचं पोट भरलं. त्याचा काय गुन्हा?"

मुखरू बकेट मांडीवर घेऊन नागपूरपर्यंत गेला. त्या दुकानवाल्याले म्हने, "घे बापा. आता तू सांगशीन तोच मासा नेतो. तोंड मी नाई पाहात."

आता एक सांगून टाकते. ताट सरकवलं, घास शिवला नाई, हे माह्या पदरचं. जेवला होता तो. दोनदा भात घेतला, वरून रस्सा मांगतला, हात धुतला, तवा बोलला. अन् तेवढा वेळ पोरगी आलमारीच्या मांगं झाडू घालून मासे शोधून राह्यली होती.